अक्कांची मथुरा-वृंदावन यात्रा

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले तेव्हा अक्का तिथं भूगोल शिकवत होत्या आणि निवृत्तीला आल्या होत्या. अंगावर सुती पातळ, पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात पीटीच्या मास्तरांची असते तशी शिट्टी. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं एखाद्या नव्या शिक्षिकेनं धीर करून विचारलंच, तर त्या म्हणायच्या, "वेळापत्रकात बसलं नाही." आणि पुढच्या तासाला निघून जायच्या.

नकाशा दाखवायला त्यांना पट्टी चालत नसे. काळी छत्री वापरायच्या. गावाचं नाव घेतलं की छत्रीचं टोक नकाशावर आपटायचं. इतक्या वर्षांत वर्गातल्या भारताच्या नकाशाला जागोजाग भोकं पडली होती. नकाशा खिडकीत टांगला की दिल्ली, आग्रा, कलकत्ता ही गावं उजेडानं चमकायची. शाळेनं नवा नकाशा आणला तो अक्कांनी कपाटात ठेवून दिला. त्यांचं म्हणणं, जुन्यात गावं जास्त स्पष्ट दिसतात.

यात्रांचं खूळ त्यांच्या डोक्यात एका पालकसभेत शिरलं. त्या सभेला वडील कमी आणि आया जास्त आल्या होत्या. अक्कांनी अभ्यासाचं बोलायचं सोडून एकेकीला विचारलं, आजवर कुठं कुठं जाऊन आलात? बायकांना प्रश्नच कळेना. मग एकीनं सांगितलं, माहेर, सासर आणि सिव्हिल हॉस्पिटल. बाकीच्या हसल्या, पण त्यांचीही उत्तरं तीच होती. फार तर एखादीनं वणीची देवी जोडली. अक्का त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवली. मग म्हणाल्या, "मी यांच्या मुलींना नद्यांच्या उपनद्या पाठ करायला लावते."

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज आटोपली की, त्या बायकांना घेऊन निघायला लागल्या. फक्त बायका. निवृत्त झाल्यावर तर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. तिकिटं काढायला, सामान मोजायला, कोणाची चप्पल हरवली तर शोधायला मी बरोबर असायची.

आता ताजमहाल आणि वाघ बघायला आमच्या भागातल्या बाईला कोण सोडणार? सोडलं असतं तर देवाला. हे अक्कांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या सहलीचं नाव मथुरा-वृंदावन यात्रा. यात्रेत मथुरा होती, वृंदावनही होतं, आणि रणथंभोरच्या किल्ल्यावरचा तीन डोळ्यांचा गणपतीही होता. मथुरेहून आग्रा हाकेच्या अंतरावर आहे आणि रणथंभोरचा किल्ला वाघांच्या जंगलाच्या ऐन मध्यावर आहे, हे कोणा नवऱ्यानं विचारलं नाही आणि अक्कांनी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या चाचींसाठी त्यांनी फत्तेपूर सिक्रीचा दर्गा शोधून काढला होता. चाचा खूश झाले, दर्ग्यावर चढवायला चादर दिली. ती चादर अक्कांनी स्वतः आठवणीनं चढवून घेतली. देवाच्या बाबतीत त्या अतिशय काटेकोर होत्या. ज्या देवाचं नाव सांगून बाई घराबाहेर काढली, त्याच्यासमोर तिला पोटभर उभी करायची, मगच पुढं हलायचं.

पहिल्या एक-दोन यात्रांच्या फक्त गोष्टीच मी घरी आणल्या. माझं सासर शिंदखेड्याजवळच्या एका गावात. सासरे गावात मानाचे, त्यांना सगळे नाना म्हणायचे. नानांचा आवाज चढला की ओट्यावरची मांजरं उठून जायची. सासूबाई त्यांच्यासमोर फारशा बोलत नसत. सुट्टीत मी गेले की दुपारी माझ्याजवळ बसून कापसाच्या वाती वळायच्या आणि मी काय काय सांगते ते ऐकायच्या. एका दुपारी वात वळता वळता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुन्ही ती अक्का मन्हासारखीले बी लई जाई का?"

सासूबाईंना यायचंय, असं मी अक्कांना सांगितलं. पुढच्याच रविवारी अक्का एसटीनं गावात हजर झाल्या, छत्रीसकट.

नानांसमोर ओट्यावर बसून त्यांनी आधी कापसाची चौकशी केली. बोंडअळीवर बोलल्या. विहिरीचं पाणी किती उतरलं ते विचारलं. नानांना वाटलं, बाई मोठी जाणती आहे. मग यात्रेचा विषय निघाला. नानांनी बरंच ऐकून घेतलं आणि शेवटी मुद्द्याचं विचारलं, "तुमना संगे माणूस कोन शे?"

"मथुरेपर्यंत कृष्ण आहे," अक्का म्हणाल्या. "तिथून पुढं गणपती."

चेहऱ्यावर हसू नाही की काही नाही. नानांना यावर नाही म्हणता येईना. कृष्ण आणि गणपती यांच्या सोबतीवर भरवसा नाही, असं गावदेखत कसं म्हणायचं? त्यांनी आत बघून सासूबाईंना चहा आणायला सांगितला. तोच होकार होता.

भुसावळ स्टेशनवर अक्का वेगळ्याच दिसायच्या. शिट्टी वाजवून बायकांना ओळीत उभं करायच्या. हमाल आणि तिकीट तपासनीससुद्धा त्या शिट्टीला दचकून थांबायचे. त्यांचा एक नियम होता, गाडीनं भुसावळ सोडलं की सुनांचा विषय बंद. जिच्या तोंडून सुनेचं गाऱ्हाणं निघेल तिनं उठून संडासाच्या दाराजवळच्या बाकावर बसायचं. पहिल्या तासाभरात तो बाक भरून जायचा आणि तिथंच सुनांच्या गप्पा रंगायच्या. अक्का तिकडं काणाडोळा करायच्या. सासूबाई मात्र त्या बाकावर एकदाही गेल्या नाहीत. एक तर त्यांची सून समोरच बसली होती, आणि दुसरं म्हणजे त्यांना खिडकी सोडवत नव्हती.

मथुरा झाली, वृंदावन झालं. प्रसादाचे पेढे बांधून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची लहान बस आग्र्याला निघाली तेव्हा अक्कांनी बसमध्ये उभं राहून पहिल्यांदा सगळ्यांना ताजमहालाचं सांगितलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं हळूच विचारलं, घरी काय सांगायचं? अक्का म्हणाल्या, घरी मथुरेचं सांगायचं, ते तर तुम्ही पाहिलंच आहे.

ताजच्या मोठ्या दरवाजातून आत शिरताना अक्का नेहमी पुढं जायच्या आणि गर्रकन वळून ताजकडं पाठ करून उभ्या राहायच्या. आतल्या कमानीतून एकेक बाई येते, समोर बघते आणि तिचा पदर खांद्यावरून घसरतो हेही तिला कळत नाही, ते बघायला त्या तशा उभ्या असायच्या. येणारेजाणारे त्यांना वेडी समजायचे. एका शिपायानं तर त्यांना हिंदीत समजावलं की माताजी, ताज उधर है. अक्कांनी त्याला छत्रीनं बाजूला केलं.

मग गवतावर बसवून त्यांनी गोष्ट सांगितली. प्रेमबीम फार नाही. मुमताज ही बऱ्हाणपूरला वारली, म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडं, तापीच्या काठी. आधी तिला तिथंच पुरलं आणि नंतर इकडं आणलं. चौदाव्या बाळंतपणात गेली.

रावेरच्या पलीकडं म्हणजे आपल्यातलीच की, असं प्रत्येकीच्या तोंडावर दिसलं. सासूबाईंनी ताजकडं खालपासून वरपर्यंत निवांत पाहिलं आणि म्हणाल्या, "चौदा? मंग त्यानी इतलं तरी बांधालेच पाहिजे व्हतं."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना छत्रीचा आधार घ्यावा लागला. पुढं कित्येक वर्षं त्या ताजमहालाची गोष्ट याच वाक्यानं संपवायच्या आणि वर सांगायच्या की हे शिंदखेड्याकडच्या एका बाईंचं मत आहे.

पण त्या दिवशी हसू फार वेळ टिकलं नाही. हौदाच्या कडेनं चालताना सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. समोर संगमरवरी बाकावर, पायावर पाय टाकून, सफारी सूट घालून आणि काळा चष्मा लावून आबा फोटो काढून घेत होते. आबा म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, सासूबाईंचे दीर. ते दिल्लीला कापूस उत्पादकांच्या बैठकीला गेले होते. म्हणजे घरी तसं सांगून गेले होते. शेजारी त्यांचे दोन मित्र पेठ्याचा पुडा फोडून खात होते.

आबांनी चष्मा काढला, परत घातला. सासूबाईंनी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला.

अक्कांना मी कानात नातं सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि शिट्टी फुंकली. त्यांनी आबांना नमस्कार केला, बैठक कशी झाली ते विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोटोवाल्याला बोलावलं. आबांना मध्ये उभं केलं, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी, आणि मागं ताज. आबा नको नको म्हणत होते, पण अक्कांच्या शिट्टीपुढं कोणाचं काही चालत नसे. फोटो निघाला. आबा घाईघाईनं मित्रांना घेऊन निघून गेले. अक्का मला म्हणाल्या, आता ना ते बोलणार, ना या.

सासूबाईंना हे पटलं नाही. आबांची खोड त्यांना माहीत होती. आबा भर पंक्तीत माणसाची फिरकी घ्यायचे. फत्तेपूरला त्या बसमधून उतरल्या नाहीत. भरतपूरच्या तळ्यावर हजारो पाखरं उतरलेली, सगळ्याजणी सायकलरिक्षांतून बोटं दाखवत फिरत होत्या, आणि या हातात प्रसादाची पिशवी घेऊन खाली बघत बसलेल्या. संध्याकाळी त्या अक्कांजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी घर जाई सांगी दी. मन्ही मथुरा व्हई गई. आते माले घर धाडी द्या."

मी समजूत घालायला पुढं झाले तर अक्कांनी मला हातानं थांबवलं. त्यांनी सासूबाईंना विचारलं, नानांना कुठले कुठले देव सांगून आलात? सासूबाईंनी सांगितलं, मथुरा आणि गणपती. "मग गणपती राहिलाय," अक्का म्हणाल्या. "तेवढा करा आणि खुशाल जा. वाघ बघायला तुम्ही येऊच नका. मी कोणाला ओढून नेत नाही."

सासूबाईंना हे रास्त वाटलं. गणपती सोडून परत जाणं म्हणजे नानांशी खरंच खोटं बोलणं झालं असतं.

रणथंभोरला पहाटे बाकीच्याजणी उघड्या गाड्यांतून जंगलात गेल्या. सासूबाई धर्मशाळेत जप करत बसल्या आणि मी त्यांच्याजवळ थांबले. उन्हं वर आल्यावर मंडळी परत आली ती फुरंगटूनच. हरणं दिसली, मोर दिसले, एक मगर दिसली. हरणं तर आपल्याकडं रोज पिकात शिरतात, त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं, असं एकीनं स्पष्टच विचारलं. चाचींना मगरीतही शंका होती, त्यांच्या मते तो ओंडका होता. अक्कांनी सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या, नारळ आणि दूर्वा घ्यायला लावल्या आणि दोन जीपमधून आम्ही किल्ल्यावरच्या गणपतीला निघालो.

रस्ता जंगलातूनच जातो. पुढच्या जीपमध्ये सासूबाई, चाची आणि मी मागं बसलो होतो. अक्का ड्रायव्हरच्या शेजारी, पण नेहमीसारख्या उलट्या, आमच्याकडं तोंड करून. सासूबाईंच्या मांडीवर पूजेचं ताट होतं. त्या गणपतीचं काहीतरी पुटपुटत होत्या.

एका वळणावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. इंजिनही बंद केलं. डावीकडच्या वाळक्या गवतातून वाघ बाहेर आला आणि रस्त्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला.

आधीच सांगते, मला त्याचं नीट वर्णन करता येणार नाही. चित्रकलेची शिक्षिका असूनही नाही. मी घाबरून चाचींचा दंड धरला होता आणि चाचींनी डोळे मिटले होते. सासूबाईंनी मात्र डोळे मिटले नाहीत. मांडीवरचं ताट त्यांनी शेजारी ठेवलं, आवाज न करता. हात जोडले. पदर पार मागं गेला होता. वाघानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं, आणि मला अजून वाटतं की त्यानं त्यांच्याकडंच पाहिलं. मग तो सावकाश दुसऱ्या बाजूच्या झाडीत गेला.

एवढा वेळ अक्का तशाच उलट्या बसून होत्या. वाघ त्यांच्या पाठीमागं होता आणि त्यांनी मान वळवली नव्हती. त्या एकटक सासूबाईंकडं बघत होत्या. पुढं कधीतरी मी त्यांना विचारलं, अक्का, तेव्हा वळून का पाहिलं नाहीत? त्या म्हणाल्या, "वाघ मला परत दिसेल. तुझ्या सासूचं तसं तोंड परत दिसलं नसतं."

गणपतीचं दर्शन झालं. सासूबाईंनी नारळ फोडला, मनोभावे प्रदक्षिणा घातल्या. घरी जायचं नाव नंतर त्यांनी काढलं नाही. परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसून होत्या आणि मधूनच त्यांना हसू येत होतं.

यात्रेहून आल्यावर गावजेवण घालायची आमच्याकडं पद्धत आहे. नानांनी ते थाटात घातलं. अंगणात मांडव, चुलीवर खापर उलटं टाकून त्यावर मोठमोठे मांडे भाजत होते, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दूध आणि तूप. अक्कांना खास धुळ्याहून आणलं होतं. बायाबाप्ये येऊन सासूबाईंच्या पाया पडत होते. कालपर्यंत ज्या घरात कोणी त्यांना काही विचारत नव्हतं तिथं त्या पाटावर बसल्या होत्या आणि नाना स्वतः लोकांना सांगत होते, मथुरा करून आली, गणपती करून आली.

पंक्ती बसल्या. आबा नानांच्या शेजारी. अंगात तोच सफारी सूट. माझं जेवणात लक्ष नव्हतं. मी आबांच्या तोंडाकडं बघत होते, आणि आबांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू होतं ते मला अजिबात आवडलं नाही. मांड्याचा घास घेऊन त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वहिनी, काय काय दखं ते तरी सांग. दर्शन कसं व्हयनं?"

पंगत थांबली. नानाही मान वळवून बघायला लागले. अक्का माझ्यासमोरच्या ओळीत होत्या. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्याजवळ प्रत्येक नवऱ्यासाठी एक देव होता, पण दिरासाठी नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. नानांना कळलं असतं तर यात्रा तिथंच संपल्या असत्या, आमच्या घरच्याच नाही, सगळ्यांच्याच.

सासूबाई पाटावरून उठल्या नाहीत.

"आम्ही गणपतीना वाटवर व्हतूत," त्या म्हणाल्या. "हातमा नारय व्हतं. आनि तो एकदम समोर उना. सोनासारखं आंग. काही आवाज नही, काही घाई नही. उभा राहिना आनि मन्हाकडे दखं. त्याना डोया मी जलमभर इसरावू नही. मन्हा हात आपोआप जुडी गयात. मंग तो निंघी गया. मांगे कोन शे, पुढे कोन शे, त्याले काही पर्वा नही."

एका म्हाताऱ्या आजीनं जेवता जेवताच उष्टे हात जोडले. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. भर गावात, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी बायकोकडं मान वर करून पाहिलं. "तुले साक्षात दर्शन व्हयनं," ते म्हणाले, आणि त्यांचा तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "हा."

त्यांनी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. आबांना ते कळलं की नाही कोण जाणे. पण ते ताटावरून उठले, पाटापाशी गेले आणि वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं. वर आले तेव्हा तोंडावर ते हसू नव्हतं. दिल्लीच्या बैठकीचा विषय त्यांनी स्वतःच्या तोंडानं परत काढल्याचं मी ऐकलं नाही.

जेवणं झाली तशा गावातल्या बायका एकेक करून अक्कांभोवती जमायला लागल्या. सगळ्यांना त्याच देवाचं दर्शन हवं होतं. अक्का प्रत्येकीला गंभीरपणे विचारत होत्या, उघड्या जीपमध्ये बसता येईल का आणि गप्प राहता येईल का. बायका म्हणत होत्या, देवाच्या दारी जाताना कसली जीप आणि कसलं काय, कशातही बसू.

तेवढ्यात सासूबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या. आधीच जेवण झालेल्या अक्कांच्या ताटात त्यांनी आणखी एक मांडा वाढला, त्याच्यावर तुपाची धार धरली आणि खाली वाकून, मला आणि अक्कांनाच ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "बाई, पुढला सालले कोठला देव?"

अक्कांनी मांड्याची घडी मोडली.

"सोमनाथ," त्या म्हणाल्या. मग नाना लांब आहेत ना ते बघून घेतलं. "तिथून गीरचं जंगल जवळ आहे. सिंह असतात."

सासूबाईंनी तुपाची धार थांबवली नाही.